यान कॉट: पहाटे चारचा शेक्सपिअर

तिसरी_घंटा

पहाटेची वेळ. दारावर थाप पडते. आतून हेस्टिंग्ज हा सरदार विचारतो, किती वाजले? बाहेरचा निरोप्या सांगतो, चारचे टोल पडतायत. त्याला पाठवणाऱ्या स्टॅन्लीला स्वप्न पडलंय की रानडुकराने आपलं शिरस्त्राण उडवलं. रानडुक्कर म्हणजे रिचर्ड, त्याच्या ध्वजावरचं चिन्ह. पळून जाऊ या, असा स्टॅन्लीचा निरोप आहे. हेस्टिंग्ज हसण्यावारी नेतो. त्याच दिवशी त्याचं डोकं उडतं.

'तिसरा रिचर्ड'मधला हा प्रवेश (अंक ३, प्रवेश २) आम्ही बीएच्या वर्गात पाच मिनिटांत ओलांडला होता. स्वप्न कोणाचं, डुक्कर म्हणजे कोण, एवढं परीक्षेपुरतं लिहून घेतलं आणि पान उलटलं. पुढे बऱ्याच वर्षांनी फाउंटनच्या फुटपाथवर मला 'शेक्सपिअर अवर कंटेम्पररी' हे पुस्तक मिळालं. मेथ्युएनची जुनी आवृत्ती, पाठीचा कणा सुटलेला. लेखक यान कॉट, पोलिश समीक्षक. घरी येताना लोकलमध्ये उभ्याने वाचत होते आणि हा माणूस नेमका त्या चारच्या टोलापाशी थांबला. तो वाचकालाच विचारतो, आपल्यापैकी कोणाला आयुष्यात एकदा तरी असं पहाटे चारला उठवलेलं नाही? माझं स्टेशन मागे गेलं ते कळलंच नाही.

मराठीत कॉटबद्दल सलग वाचायला फारसं मिळत नाही, म्हणून हा धागा. जमेल तितकं नीट लिहिते.

जन्म वॉर्सात, ऑक्टोबर १९१४. घर ज्यू वंशाचं, पण मुलाचा बाप्तिस्मा झालेला. वॉर्सा विद्यापीठात कायदा शिकला, मन मात्र फ्रेंच कवितेत. १९३८-३९ मध्ये पॅरिसला जाऊन अतिवास्तववाद्यांच्या संगतीत राहिला. १९३९ मध्ये लग्न केलं ते लिडियाशी, म्हणजे ह्यूगो श्टाइनहाउस या नामवंत गणितज्ञाच्या मुलीशी. (ल्वुफच्या, म्हणजे आजच्या युक्रेनमधल्या ल्विवच्या, ज्या कॅफेत गणिती मंडळी संगमरवरी टेबलांवर प्रमेयं सोडवत बसायची, त्या वर्तुळातलेच हे श्टाइनहाउस. स्टेफान बानाख या थोर गणितज्ञाला हेरलं ते यांनीच.) त्याच सप्टेंबरात हिटलरने पोलंडवर हल्ला केला. कॉट सैनिक म्हणून लढला, मग सोव्हिएत ताब्यातल्या ल्वुफमध्ये राहिला, तिथून जर्मन ताब्यातल्या वॉर्सात परतला आणि डाव्या भूमिगतांत सामील झाला.

आता जे लिहिणार आहे ते त्याच्यावरच्या कौतुकाच्या लेखांमध्ये दोन ओळींत गुंडाळलेलं असतं. युद्ध संपल्यावर कॉट नव्या कम्युनिस्ट सत्तेच्या बाजूने उभा राहिला, आणि तोही हातचं राखून नव्हे. १९४५ साली वुज शहरातून निघालेल्या 'कुझ्नित्सा' (म्हणजे लोहारशाळा) या मार्क्सवादी साप्ताहिकाच्या संस्थापकांपैकी तो एक. त्याच वर्षी त्याने जोसेफ कॉनरॅड या समुद्रावरच्या कथा लिहिणाऱ्या कादंबरीकारावर एक लेख लिहिला. कॉनरॅडची माणसं स्वतःशी प्रामाणिक राहतात म्हणून आपण त्यांना थोर मानतो, पण ही निष्ठा अखेर जहाजाच्या मालकांच्याच कामी येते, असा त्याचा रोख. एका कादंबरीकारावरची टीका एवढाच त्याचा अर्थ तेव्हा कोणी लावला नाही. युद्धात जी तरुण पोरं लढून मेली त्यांतली कितीतरी कॉनरॅड वाचत वाढलेली, आणि त्यांची भूमिगत सेना (होम आर्मी) नव्या सरकारला नको झालेली. मारिया दोंब्रोव्स्का या ज्येष्ठ लेखिकेने १९४६ मध्ये निष्ठेच्या बाजूने त्याला उत्तर दिलं. माझं मत विचाराल तर बाईंचं बरोबर होतं.

पुढे व्रोत्स्वाफ आणि मग वॉर्सा विद्यापीठात प्राध्यापकी, सोबत नियतकालिकांतून नाट्यपरीक्षणं. दिवसा वर्ग आणि रात्री थिएटर. हळूहळू त्याचा त्या सत्तेवरचा विश्वास उडत गेला. १९५७ मध्ये निघू घातलेलं 'एव्रोपा' हे साहित्यिक मासिक पहिल्या अंकाआधीच बंद पाडलं गेलं, तेव्हा काही लेखकांनी पक्ष सोडला. त्यांत कॉट होता.

शेक्सपिअरवरचे निबंध यानंतरचे. पोलिशमध्ये पुस्तक आलं १९६१ साली, फ्रेंचमध्ये १९६२, इंग्रजीत १९६४ (अनुवाद बोलेस्वाफ ताबोर्स्की). म्हणजे हे निबंध लिहिणारा माणूस यंत्राच्या बाहेर उभं राहून बोट दाखवत नव्हता. तो काही काळ त्या यंत्राचाच एक दात होता. शेक्सपिअरच्या राजांच्या नाटकांना तो 'महायंत्र' म्हणतो. एक जिना आहे. प्रत्येक जण खून करत वर चढतो, सगळ्यात वरच्या पायरीवर पोचतो आणि तिथून कोसळतो. पुढचा चढू लागतो. नावंही तीच, एडवर्ड, रिचर्ड, हेन्री. बदलतो तो फक्त नावापुढचा आकडा.

सगळं एकदम लिहीत नाही. तुमचे प्रतिसाद आले की पुढे बोलू.

साळुंकी

वाखुसा (वाचनखूण साठवली). कॉनरॅडचा भाग मला अगदीच नवीन. इंग्रज दिग्दर्शक पीटर ब्रूकच्या संदर्भात कॉटचं नाव ऐकलं होतं, त्या दोघांचं नेमकं नातं काय?

तिसरी_घंटा

साळुंकी, त्यांच्या ओळखीची गोष्ट ब्रूकनेच पुस्तकाच्या प्रस्तावनेत सांगितली आहे. वॉर्सातला एक नाइटक्लब, मध्यरात्र. विद्यार्थ्यांच्या गराड्यात कॉट बसलेला. तेवढ्यात पोलीस एका मुलीला चुकून पकडून नेतात. कॉट उठून तिच्या बाजूने भांडायला लागतो. रात्रभराच्या धावपळीनंतर पहाटे चारच्या सुमाराला हे दोघे पोलीस मुख्यालयात, तिची सुटका करून घेण्याच्या खटपटीत. तिथे ब्रूकच्या लक्षात येतं की पोलीस आपल्या नव्या मित्राला 'प्रोफेसर' म्हणतायत. परतताना रिकाम्या रस्त्यावर तो विचारतो, कशाचे प्रोफेसर? उत्तर मिळतं, नाटकाचे.

वाचकाला कधी ना कधी मध्यरात्री पोलिसांनी उठवलेलं असणारच, हे गृहीत धरून एलिझाबेथच्या काळावर लिहिणारा निःसंशय हा एकटाच लेखक, असं ब्रूक तिथेच म्हणतो.

नाटकांतला धागाही सांगते. १९५७ मध्ये ब्रूकचं 'टायटस अँड्रॉनिकस' लॉरेन्स ऑलिव्हिएला घेऊन वॉर्सात आलं. कॉटने त्यावर भरभरून लिहिलं. पुढे कॉटचा लिअरवरचा निबंध ब्रूकने वाचला आणि १९६२ मध्ये पॉल स्कोफिल्डला घेऊन स्ट्रॅटफर्डला 'किंग लिअर' केलं. निबंधाच्या नावातच लिअरशेजारी सॅम्युएल बेकेटचं 'एन्डगेम' हे नाटक आहे. ब्रूकचा रंगमंचही तसाच, जवळजवळ रिकामा.

बेंच_क्लार्क

मी इंग्रजी साहित्याचा विद्यार्थी नाही. एकतीस वर्षं जिल्हा न्यायालयात नोकरी केली, आधी टंकलेखक, मग बेंच क्लार्क. मुलीच्या पुस्तकात 'तिसरा रिचर्ड' वाचलं होतं, त्यातली एक जागा तेव्हापासून मनातून गेलेली नाही. धाग्याशी जुळते म्हणून लिहितो.

हेस्टिंग्जला मारल्यावर एक नकलनवीस एकटाच रंगमंचावर येतो (अंक ३, प्रवेश ६). हातात हेस्टिंग्जवरचं आरोपपत्र, सुवाच्य अक्षरात उतरवलेलं. तो हिशेब मांडतो. हे उतरवायला मला अकरा तास लागले. मूळ मसुदा करायलाही तेवढेच लागले असणार. मसुदा काल रात्री माझ्याकडे आला. आणि पाच तासांपूर्वी तर हेस्टिंग्ज जिवंत होता, त्याच्यावर ना आरोप होता ना चौकशी. इतका ढळढळीत कावा न दिसण्याइतका मठ्ठ कोण आहे, पण दिसतो असं म्हणायची छाती तरी कोणाची आहे?

चौदा ओळींचा माणूस. त्याला नावसुद्धा नाही. पण कागद किती वाजता तयार झाला हे फक्त त्यालाच माहीत असतं. आमच्या कामात तारीख आणि वेळ याला काय किंमत असते ते मी जन्मभर पाहिलं आहे. ज्याने हे लिहिलं तो कधीतरी नकलनविसाशेजारी बसला असणार, असं मला वाटत आलं आहे. कॉटने यावर काही लिहिलं असो वा नसो, त्याच्या 'महायंत्रा'त हा माणूस हवाच.

साळुंकी

बेंच क्लार्क काका, अंगावर काटा आला. धन्यवाद.

रुळलेली_वाट

धागा चांगला चालला आहे, पण मला विरोधी बाजू मांडायची आहे. मी पंचवीसेक वर्षं शेक्सपिअर शिकवला. कॉट विद्यार्थ्यांना वाचायला देत असे, पण शेवटी. आधी दिला तर मुलं नाटक वाचायचीच थांबत आणि सगळीकडे महायंत्र शोधू लागत.

लिअरचंच घ्या. ग्लॉस्टर या वृद्ध सरदाराचे डोळे काढले जातात तो प्रवेश (अंक ३, प्रवेश ७). तो संपताना दोन नोकर मागे राहतात. एक म्हणतो, मी ताग आणि अंड्याचा पांढरा बलक आणतो, त्याच्या रक्ताळलेल्या चेहऱ्याला लावू. एवढ्या क्रौर्यानंतर कोणीतरी घरगुती औषध शोधायला जातं! शेक्सपिअरने ती माणुसकी तिथे मुद्दाम ठेवली आहे. ब्रूकने ती कापली. त्याच्या प्रयोगात नोकर सामान हलवताना आंधळ्या ग्लॉस्टरला धक्के देत होते आणि मध्यंतरासाठी प्रेक्षागृहातले दिवे हळूहळू लागत होते. हा कॉटचा परिणाम. आपल्या सिद्धांतात न बसणारी दया नाटकातून काढून टाकायची, याला वाचन म्हणायचं का?

यातनांतून आलेलं वाचन खरं असतं हे मान्य. पण यातनांतून आलेलं म्हणून ते पूर्ण ठरत नाही.

तिसरी_घंटा

सर, तुमचा आक्षेप मनापासून पटतो, निदान अर्धा. त्या दोन नोकरांचे संवाद मलाही फार प्रिय आहेत. फक्त ब्रूकच्या बाजूने एक गोष्ट नोंदवते. ते संवाद १६०८ च्या क्वार्टोत (या एका नाटकाच्या छापील प्रतीत) आहेत, १६२३ च्या फोलिओत (नाटकांच्या एकत्रित ग्रंथात) नाहीत. म्हणजे त्या जागी कात्री चालवणारा ब्रूक पहिला नव्हे.

कॉटपुरतं बोलायचं तर त्याच्या निबंधांत दया कमी आहे हे खरंच. लिअरची धाकटी मुलगी कॉर्डेलिया त्याच्या हाताला फारशी लागत नाही. पण तो ज्या शहरात लिहीत होता ते वॉर्सा १९४४ च्या उठावानंतर जर्मनांनी ठरवून, इमारतीमागून इमारत पाडलं होतं. त्या ढिगाऱ्यांवर पुन्हा उभ्या केलेल्या शहरात बसून लिअर वाचणाऱ्याला आधी उजाड माळ दिसला, बलक आणणारा नोकर नंतर दिसला, याचा दोष मला त्याला देववत नाही.

रुळलेली_वाट

फोलिओचा मुद्दा बरोबर. पण त्याच प्रवेशात त्याआधी आणखी एक नोकर आहे. तो स्वतःच्या धन्यावर, कॉर्नवॉलवर तलवार उपसतो आणि मरतो. तो क्वार्टोतही आहे आणि फोलिओतही. लहानपणापासून मी तुमची चाकरी केली, पण आत्ता तुम्हाला थांबवणं ही माझी सगळ्यात मोठी चाकरी, असं म्हणून तो मध्ये पडतो. कॉर्नवॉल त्याच जखमेने मरतो. महायंत्रात एका बिननावाच्या चाकराने काठी घातली की नाही? बेंच क्लार्क यांचा नकलनवीस आणि हा चाकर शेजारी शेजारी ठेवून पाहा. एकाला कळतं पण तो बोलत नाही, दुसरा हात उचलतो. शेक्सपिअरने दोघांनाही लिहिलं आहे.

आणि तुमच्या मूळ लेखातलाच एक धागा ओढतो. निष्ठा अखेर मालकाच्याच कामी येते असं कॉट १९४५ मध्ये कॉनरॅडबद्दल म्हणाला होता ना? हा चाकर त्याला परस्पर उत्तर देतो.

तिसरी_घंटा

हे मला सुचलं नव्हतं. सर, शिकवणं सोडलं असलंत तरी असं लिहीत राहा.

पूर्वरंग

मराठीच्या बाजूने थोडं. आपल्याकडे शेक्सपिअर आला तो आगरकरांच्या 'विकारविलसित'मधून (१८८३, मूळ 'हॅम्लेट'), देवलांच्या 'झुंझारराव'मधून (मूळ 'ऑथेल्लो'). हॅम्लेट म्हटलं की गणपतराव जोशी. त्यात बोलबाला होता विकारांचा, म्हणजे सूड, मत्सर, वेड यांचा. 'विकारविलसित' हे नावच पाहा. खाडिलकरांनी 'सवाई माधवरावांचा मृत्यू'मध्ये हॅम्लेट आणि ऑथेल्लो दोन्ही पेशवाईत आणले, तिथे मात्र राजकारणाचा वास येतो.

लिअरचं आपल्याकडे काय झालं हे जास्त बोलकं आहे. शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'मध्ये (१९७०) लिअरची छाया आहे आणि मराठी प्रेक्षकाने तो मुलांनी बाहेर काढलेला बाप म्हणूनच पाहिला, डोळे पुसत पाहिला. त्यात कमी काहीच नाही, माझी आई त्या नाटकानंतर दोन दिवस नीट जेवली नव्हती. पण कॉटच्या लिअरला घरच नाही. बेलवलकर रस्त्यावर येतो तेव्हा आपल्याला त्याचं गेलेलं घर दिसत राहतं. कॉटचा लिअर माळावर येतो तेव्हा मागे काही उरलेलंच नसतं. विंदा करंदीकरांनी 'राजा लिअर'चं संपूर्ण भाषांतर केलेलं आहे. ते हातात असताना हा दुसरा, बिनघराचा लिअर मराठीत कोणीतरी उभा करायला हवा, असं मला फार वाटतं.

लाँग_आयलंड_लोकल

न्यूयॉर्क राज्यातलं स्टोनी ब्रुक विद्यापीठ माझ्या घरापासून गाडीने पाऊण तासावर, म्हणून लिहितोय. धाग्यात कॉटचं अमेरिकेतलं आयुष्य राहिलं आहे.

१९६४ च्या मार्चमध्ये पोलंडच्या पंतप्रधानांना ३४ लेखक-विद्वानांनी पत्र दिलं. फक्त दोन वाक्यांचं पत्र, पुस्तकांसाठीच्या कागदाच्या तुटवड्याबद्दल आणि वाढत्या सेन्सॉरशिपबद्दल. सही करणाऱ्यांत कॉट होता. १९६६ मध्ये तो शिकवायला अमेरिकेत आला. १९६८ मध्ये पोलंडमध्ये सरकारनेच ज्यूविरोधी मोहीम चालवली, हजारो लोक देश सोडून गेले. १९६९ मध्ये त्याने इथे आश्रय मागितला, वॉर्साची प्राध्यापकी गेली. मग १९८३ पर्यंत स्टोनी ब्रुकला.

पन्नाशी उलटल्यावर देश सोडलेला समीक्षक म्हणजे काय, हे इथे राहून मला थोडंफार कळतं. परीक्षण लिहिणाऱ्याला वाचक लागतो तो काल तेच नाटक पाहिलेला. प्रयोगात नट कुठल्या वाक्यावर थांबला आणि प्रेक्षागृहात कशी खसखस पिकली, हे न सांगता कळणारा वाचक. तो वॉर्सात राहिला. इथे तो पोलिशमध्ये लिहीत राहिला आणि भाषांतरं होत राहिली. ग्रीक शोकांतिकांवरचं 'द ईटिंग ऑफ द गॉड्स' (१९७३) इथलंच. आत्मचरित्राचं इंग्रजी नाव 'स्टिल अलाइव्ह'. अनेक हार्ट अटॅक पचवलेल्या माणसाने ठेवलेलं नाव. डिसेंबर २००१ मध्ये कॅलिफोर्नियात, सांता मोनिकाला गेला.

तिसरी_घंटा

आभार, हे मी लिहिणारच होते पण इतकं आतून लिहिता आलं नसतं. प्रेक्षागृहाबद्दल म्हणालात त्यावरून क्राकूफचं 'हॅम्लेट' सांगायलाच हवं. १९५६ चा सप्टेंबर. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत मॉस्कोत ख्रुश्चेवने स्टालिनच्या गुन्ह्यांवर भाषण केलेलं. अशा हवेत कॉट हा प्रयोग पाहायला गेला. त्याने नोंदवलंय की एल्सिनोरमध्ये, म्हणजे हॅम्लेटच्या राजवाड्यात, प्रत्येकावर पाळत आहे, प्रत्येक पडद्याआड कोणीतरी उभं आहे. राजाचा मंत्री पोलोनियस आपल्या मुलावरही माणूस सोडतो, हे आपण हसून सोडून देतो, तिथे कोणी हसलं नसणार. हॅम्लेटच्या हातात पुस्तक असतं ना? कोणतं पुस्तक, हा कॉटचा आवडता प्रश्न. तो म्हणतो, क्राकूफचा हॅम्लेट फक्त वर्तमानपत्रं वाचत होता.

मला वाटतं परीक्षणकार आणि शिक्षक हे त्याचे दोन व्यवसाय इथे एक होतात. कालच्या प्रयोगातलं वर्तमानपत्र उद्याच्या तासाला शेक्सपिअरच्या चारशे वर्षं जुन्या ओळीशेजारी ठेवायचं.

तालीम_साडेसात

एक व्यवहारातला प्रश्न. आम्ही सातआठ जण नोकरी सांभाळून नाटक करतो. सध्या करंदीकरांच्या 'राजा लिअर'मधले प्रवेश वाचतोय. डोव्हरच्या कड्याचा प्रवेश (अंक ४, प्रवेश ६) कसा करायचा यावरून आठवडाभर वाद आहे. ग्लॉस्टर कड्यावरून उडी मारतो, पण कडा नाहीच. आमचे नेपथ्यवाले लेव्हल (उंचवटा) लावा म्हणतात, निदान दीड फुटाची. कॉटने यावर लिहिलंय असं ऐकलं. सांगाल का?

तिसरी_घंटा

लेव्हल अजिबात लावू नका!

कॉटचा लिअरवरचा निबंध मुळी या प्रवेशाभोवतीच फिरतो. तो सांगतो ते माझ्या शब्दांत. आंधळा ग्लॉस्टर, त्याला हाताला धरून नेणारा मुलगा एडगर, पण वेषांतरात, बापाला ठाऊक नाही. जमीन सपाट आहे. ग्लॉस्टरला ते पायांना कळतंयही, तो तसं म्हणतो. एडगर म्हणतो, छे, भयंकर चढ आहे, समुद्र ऐकू येतोय ना? बाप म्हणतो, नाही. मग एडगर शब्दांनी कडा रचतो. मधल्या उंचीवरचे कावळे भुंग्यांएवढे दिसतायत, किनाऱ्यावरचे कोळी उंदरांएवढे. ग्लॉस्टर गुडघे टेकतो, देवांचा निरोप घेतो आणि पुढे झोकून देतो. पडतो तो जिथे उभा होता तिथेच.

कॉट म्हणतो की हे फक्त रिकाम्या, सपाट रंगमंचावरच घडू शकतं. खरा डोंगर दाखवला तर प्रवेश मरतो आणि नुसती सपाट जमीन दाखवली तर ग्लॉस्टर वेडा ठरतो. रंगमंच एकाच वेळी डोव्हर आहे आणि फळ्याही आहेत. उडी झाली आणि झाली नाही. म्हणून नटाने चढ पायांनी करायचा, मूकाभिनयात, आणि पडायचं मात्र खरं. तो याची सांगड बेकेटच्या 'अ‍ॅक्ट विदाउट वर्ड्स'शी घालतो. हसू येईल असं वाटेल. येऊ द्या.

रुळलेली_वाट

इथे मी कॉटच्या पूर्ण बाजूने. फक्त पडल्यानंतरचा एडगर विसरू नका. तो आवाज बदलून येतो आणि बापाला सांगतो की एवढ्या उंचावरून पडून तू वाचलास, तुझं जगणं चमत्कार आहे. हे खोटं आहे आणि प्रेमाने बोललेलं आहे. एडगरचं काम करणाऱ्या मुलाला हे सांगा.

तालीम_साडेसात

काल रात्री करून पाहिलं. शाळेचा हॉल, ट्यूबलाइट, खाली शहाबादी फरशी. ग्लॉस्टर करणारा आमचा मित्र बँकेत आहे, पंचावन्नचा. डोळ्यांवर उपरणं बांधलं. एडगरने त्याला हॉलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला नेलं, तो प्रत्येक पाऊल वर उचलून टाकत होता. कोळ्यांचे उंदीर झाले तिथे खिडकीजवळच्या दोघीजणी हसल्या. मग त्याने गुडघे टेकले, हात पुढे केले आणि पडला. हातांनी आधार घेतला नाही. फरशीवर आवाज आला. कोणी हललं नाही.

एडगर करणाऱ्या मुलाला आवाज बदलायचा होता. बदलला नाही. तो तसाच खाली बसला आणि आपल्याच आवाजात पुढची वाक्यं म्हणाला. लेव्हलचा विषय परत निघाला नाही. गुडघ्याला लागलंय, आज मंगळवारची तालीम नाही, गुरुवारी आहे.